पियानोतील विप्रलंभ

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील शृंगाराविषयी लिहावयाचे म्हटले, की बहुतेक लेखक कलावंतांच्या चरित्रांकडे वळतात. शोपँ व जॉर्ज सँड यांच्या किंवा लिस्ट व काउंटेस मारी दागू यांच्या सहवासाच्या कथा रंगवून सांगितल्या, की विषय संपला असे त्यांना वाटते. परंतु कर्त्याचे प्रेम म्हणजे कृतीतील शृंगार नव्हे. लिस्टच्या वादनाने श्रोत्यांना जे वेड लावले, त्याला हाइनेने १८४४ मध्ये 'लिस्टोमेनिया' हे नाव दिले. पण ते वेड बरेचसे वादकाच्या रूपाचे व रुबाबाचे होते. शब्द नाहीत, अभिनय नाही, चित्र नाही. अशा केवळ स्वरांच्या रचनेत कामभावना कोठे वसते, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम वाद्याचाच विचार करू. पियानोत हातोडी तारेवर आघात करून मागे सरते आणि त्या क्षणापासून स्वर विरू लागतो. गायकाला किंवा सारंगीवादकाला स्वर धरून ठेवता येतो, फुलवता येतो. येथे ते साधत नाही. मींड तर या वाद्यात नाहीच. म्हणून आर्जवाचा आणि स्पर्शाचा आभास अन्य उपायांनी निर्माण करावा लागतो. त्यांतील मुख्य उपाय स्वरसंहतीचा. ती आपल्या आधारस्वरावर, म्हणजे आपल्या परिभाषेत षड्जावर, विसावेल अशी आशा श्रोत्याच्या मनात जागवावयाची आणि तो विसावा लांबवीत न्यावयाचा. आपल्या साहित्यशास्त्राने शृंगाराचे संभोग व विप्रलंभ असे दोन भेद केले आहेत; पियानोचे खरे राज्य दुसऱ्या भेदावर आहे, असे आमचे मत आहे.

याचे सर्वांत समर्थ उदाहरण म्हणजे रॉबर्ट शूमानची सी मेजरमधील 'फँटसी'. १८३६ मध्ये क्लारा वीकच्या वडिलांनी दोघांच्या भेटीगाठी बंद केल्या होत्या, त्या काळात ती रचली गेली व १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिला भाग हा तुझ्यासाठी केलेला विलाप आहे, असे त्याने पुढे क्लाराला पत्रातून कळविले. पत्र नसते तरी चालले असते! डावा हात आरंभापासून पंचमाभोवती उसळत राहतो. रचना ज्या षड्जाच्या नावाने ओळखली जाते, तो षड्ज निःसंदिग्धपणे हाती लागत नाही. भागाच्या अगदी अखेरीस, लय मंदावल्यावर, बेथोव्हनच्या १८१६ मधील 'दूरस्थ प्रियेस' या गीतमालेतील चाल उमटते आणि तेव्हाच मनाला विसावा मिळतो. प्रत्यक्षात विवाह न्यायालयाची अनुज्ञा मिळवून १२ सप्टेंबर १८४० रोजी झाला. दुसऱ्या दिवशी क्लारा एकवीस वर्षांची होणार होती.

शोपँची रीत निराळी. डी फ्लॅट मेजरमधील त्याच्या नॉक्टर्नमध्ये डावा हात अखंड झुलत असतो आणि वरचे गीत मधूनच दुहेरी होते, जणू दोन कंठ एकमेकांत मिसळावेत. डाव्या हाताने काळ सांभाळावा, उजव्याने रेंगाळावे किंवा घाई करावी, अशी त्याची शिकवण शिष्यांनी सांगून ठेवली आहे. ठेक्याशी लडिवाळपणा करणारी ठुमरी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना यातील गोडी समजावून सांगावी लागणार नाही.

आम्हां शिक्षकांना अडवणारा आक्षेप टॉल्स्टॉयचा आहे. त्याच्या 'क्रॉयट्झर सोनाटा' या १८८९ मधील कथेत पत्नी पियानोवर व तिचा परिचित व्हायोलिनवर बेथोव्हनची कृती वाजवतात, आणि मत्सराने पेटलेला पती पुढे पत्नीचा खून करतो. रशियन नियंत्रकांनी कथा रोखली. १८९० मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानेही तिला मज्जाव केला. म्हणजे बंदी आली ती शब्दांवर, सोनाटा मात्र निर्वेध वाजत राहिला. पण त्या पतीची तक्रार नीट वाचावी. संगीत अश्लील आहे, असे त्याचे म्हणणे नाही. कूच वाजले की सैन्य चालते, नृत्याचे संगीत वाजले की लोक नाचतात. येथे मात्र मन चेतवले जाते आणि त्या चेतनेला वाट दिली जात नाही, हा त्याचा राग आहे. आम्ही ज्याला विप्रलंभ म्हणतो, त्याचेच हे वर्णन आहे. फरक एवढाच की त्याला ते सोसत नाही.

पुढे स्क्रिअबिनने तर शूमानने अखेरीस दिलेला विसावाही काढून घेतला. १९०७ मधील त्याचा पाचवा सोनाटा वर वर झेपावत जातो आणि षड्जावर न उतरताच थांबतो.