इंग्रजी शब्द आणि मराठीचा सांधा

इंग्रजीतून मराठीत शब्द किती आले याची मोजदाद आजवर पुष्कळांनी केली आहे. त्या मोजणीवर वादही पुष्कळ झाले. आम्हांला आज वेगळा प्रश्न विचारावयाचा आहे. आलेले शब्द कोणत्या जातीचे होते, आणि आल्यावर त्यांनी आमच्या वाक्यात कोठे जागा धरली? नामे आली, क्रियाविशेषणे आली. मग ज्यांच्यावाचून इंग्रजीचे पान हालत नाही ती 'इन', 'ऑन', 'फ्रॉम' ही चिमुकली मंडळी वेशीबाहेरच का राहिली? भाषेचा इतिहास लढायांच्या इतिहासाइतका गाजत नाही, पण अशा ठिकाणी तो फार बोलका असतो.

इंग्रजांची फौज आमच्या दाराशी आली ती २९ नोव्हेंबर १८०३ रोजी. येथून जवळच अडगावच्या मैदानावर आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला, आणि पुढच्याच महिन्यात गाविलगड पडला. विल्यम केरीचे मराठी व्याकरण सेरामपूरला छापून निघाले १८०५ साली, म्हणजे अवघ्या दोन वर्षांनी. तोफ आणि व्याकरण यांच्यात अंतर फार नव्हते! वऱ्हाडात मात्र इंग्रजी भाषा कारभारात शिरली ती १८५३ नंतर. त्या वर्षीच्या मे महिन्यात निजामाशी तह होऊन वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्याच्या आदल्याच महिन्यात, १६ एप्रिलला, मुंबई-ठाणे आगगाडी धावली होती. ही आगगाडी १८६७ साली वऱ्हाड ओलांडून नागपूरपर्यंत पोचली, आणि तिच्याबरोबर शब्दांची एक वाघीणच आली म्हणा ना.

त्यांतली एक जोडी पाहू. "मास्तर अकोल्याहून अप-डाऊन करतात," असे अकोटात कोणीही म्हणतो आणि कोणालाही ते समजते. मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि मुंबईकडून येणारी 'डाऊन', ही रेल्वेची परिभाषा. इंग्रजीत हे दोन्ही शब्द दुहेरी चाकरी करतात. पुढे नाम आले आणि त्याच्याशी संबंध जोडला, की ते आमच्या शब्दयोगी अव्ययाचे भाऊबंद. नाम नसले, नुसते क्रियेची दिशा सांगितली, की क्रियाविशेषण. टेकडी'वर' चढणे निराळे आणि नुसते 'वर' चढणे निराळे. मराठीतही हाच न्याय आहे. 'घरामागे' यात 'मागे' शब्दयोगी, 'तो मागे राहिला' यात क्रियाविशेषण. वऱ्हाडाने 'अप' आणि 'डाऊन' यांच्यातले मोकळे, नामाला न चिकटणारे रूप तेवढे उचलले, दोघांची गाठ बांधली आणि शेवटी 'करणे' हे आपले घरचे क्रियापद लावून दिले. इंग्रजाला हे वाक्य ऐकवले तर तो बुचकळ्यात पडेल. ते इंग्रजी नव्हेच. ते अस्सल वऱ्हाडी आहे.

आता या जाती आमच्या व्याकरणात आल्या कोठून, हेही पाहिले पाहिजे. मराठीचा व्याकरणदृष्ट्या विचार इंग्रजांपूर्वी झालाच नव्हता असे नाही. महानुभाव पंथातील भीष्माचार्यांचे 'पंचवार्तिक' दादोबांच्या कित्येक शतके आधीचे आहे. परंतु शाळेत आपण जे व्याकरण घोकतो त्याचा सांगाडा दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या पुस्तकापासून चालत आला, आणि दादोबांपुढे नमुना होता लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा. मरेने शब्दांच्या नऊ जाती सांगितल्या. त्यांतील 'आर्टिकल' ही जात मराठीत नाही. ती वगळा, बाकी आमच्या आठ जाती राहतात. यास्काचार्यांनी संस्कृतात चारच मानल्या होत्या: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात.

मात्र एका ठिकाणी आमच्या व्याकरणकारांनी नक्कल केली नाही. इंग्रजीतल्या 'प्रिपोझिशन' या नावाचा अर्थच 'आधी ठेवलेला' असा आहे. तसे भाषांतर मराठीत साफ खोटे पडले असते, कारण आमचा शब्द आधी नव्हे, नंतर येतो. म्हणून नाव रूढ झाले 'शब्दयोगी', शब्दाला जोडला जाणारा. आमच्या मते मराठी व्याकरणातील सर्वांत समर्पक संज्ञांपैकी ही एक आहे. इंग्रजीत नाम जसेच्या तसे राहते आणि संबंध सांगणारा शब्द त्याच्या पुढ्यात सुटा उभा राहतो. मराठीत नाम आधी स्वतः वाकते. 'घर'चे 'घरा' होते, 'शाळा'चे 'शाळे' होते, आणि त्या वाकलेल्या रूपाला 'त', 'वर', 'खाली' चिकटतात. हे सामान्यरूप म्हणजे मराठी वाक्याचा सांधा. तर्खडकरांच्याच घराण्यातील द्वारकानाथ राघोबा यांची 'भाषांतरपाठमाला' गिरवून ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांची निम्मी दमछाक हा सांधा उलटा फिरविण्यातच झाली असेल.

येथे फारशीची आठवण येणे अपरिहार्य आहे. इमादशाहीची गादी आमच्या अचलपूरला होती. तिच्या आधी बहामनी, नंतर मोगल आणि निजाम. पाच शतके दरबारी भाषा फारशी. फारशीतही संबंधदर्शक शब्द नामाच्या आधी येतात, इंग्रजीसारखेच. मग 'बद्दल', 'ऐवजी', 'मार्फत', 'तर्फे', 'खेरीज' ही इतकी शब्दयोगी अव्यये आम्ही घेतली कशी? नीट पाहिले तर कळते की मुळात ही बहुतेक नामेच होती. 'बदल' आणि 'इवज' म्हणजे मोबदला, 'तरफ' म्हणजे बाजू, 'मारिफत' म्हणजे ओळख. कुलकर्ण्या-देशपांड्यांनी रोजच्या मोडी कागदांत ती मराठी नामाच्या पाठीशी नेऊन बसविली, आणि 'त्याच्याबद्दल', 'पाटलांमार्फत' अशी रूपे झाली. फारशीची खरी पूर्वयोगी अव्यये मात्र 'बरहुकूम'सारख्या गोठलेल्या जोडशब्दांतच उरली. आणि गंमत अशी की 'बरहुकूम'लाही आम्ही शेवटी नामाच्या मागे पाठविले: 'आदेशाबरहुकूम'.

इंग्रजीच्या वाट्याला हे फारसे आले नाही. त्याचे कारण आम्हांला असे दिसते की फारशी शब्द मराठी कागदात मिसळून आले, तर इंग्रजी ही निराळ्या तासाला, निराळ्या पुस्तकातून शिकावयाची भाषा राहिली. तिची नामे बाजारात आली: कोर्ट, बँक, मोटार, टेबल, कापसाच्या गावी 'जिन'. आली ती मुकाट्याने वाकली. 'कोर्टात', 'बँकेत', 'मोटारीत', 'टेबलावर', 'जिनातून'. 'कोर्टाले सुट्टी हाय' म्हणणाऱ्या शेतकऱ्याने त्या परक्या शब्दाला सामान्यरूप दिले, मग वऱ्हाडी 'ले' लावला, आणि शब्द घरचा झाला. क्रियाविशेषणांचे तर आणखी सोपे. त्यांना नामाशी सांधा जुळवावाच लागत नाही. 'डायरेक्ट गेला', 'लेट आला', 'अर्जंट पाठवा'. इंग्रजीतली शेपटी कापली की झाले.

पूर्वयोगी शब्दांपैकी दोनच आम्हांला ठळकपणे आत आलेले दिसतात. एक 'व्हाया', तोही मुळात लॅटिन. 'परतवाडा व्हाया अंजनगाव' असे प्रवासी बोलतो, एस. टी.ची पाटी मात्र 'अंजनगावमार्गे' लिहिते आणि शब्दाला त्याच्या मराठी जागी पोचवते. दुसरा 'थ्रू'. 'ओळखीच्या थ्रू काम झाले' हे वाक्य कचेऱ्यांतून सर्रास ऐकू येते. पाहा, 'थ्रू'ला तोंड फिरवून नामाच्या मागे उभे राहावे लागले, 'च्या' हा दुवाही घ्यावा लागला. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी 'मार्फत' ज्या वाटेने आला त्याच वाटेने. आणि 'मारिफत' म्हणजेच ओळख, हे 'ओळखीच्या थ्रू' म्हणणाऱ्याच्या गावीही नसते!

तेव्हा इंग्रजी शब्द आले म्हणून आम्ही कासावीस होत नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीने 'महापौर', 'दिनांक' असे चांगले शब्द दिले, त्यांचे ऋण आहेच. परंतु त्या वादात सगळे लक्ष शब्दांवर राहिले आणि सांध्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. काळजी आहे ती तेथे. 'कोर्टात' म्हणणाऱ्या जिभेवर नवीन शब्द वाकेनासे झाले आहेत. 'ऑफिसात' मागे पडून 'ऑफिसमध्ये' आले. 'मोबाईलवर', 'कॉम्प्युटरवर' यांत सामान्यरूप नाहीच. 'मोबाईलात पाहा' म्हणणारा खेड्यातला माणूस शहरात हास्यास्पद ठरतो, वस्तुतः व्याकरण त्याच्या बाजूचे आहे. परक्या शब्दांपुरते हे राहिले असते तरी चालले असते. पण आता 'पुणे मध्ये', 'अकोला मध्ये' असे फलक दिसू लागले. नाम ताठ, अव्यय सुटे. शेजारी हिंदीचा 'में' आणि शाळेतली इंग्रजी, दोघांचीही सवय त्यात उतरली आहे.

कोणी म्हणेल, सरकारी पत्रात 'अकोला येथे' चालते, मग हे का नाही? 'येथे' हे क्रियाविशेषण आहे, ते नामाला जडत नाही, म्हणून त्याच्यापुढे नाम सरळ उभे राहू शकते. 'मध्ये' शब्दयोगी आहे. त्याला वाकलेलेच नाम हवे. अकोटच्या बाजारात माल उतरविणारा हमाल हा भेद कोठे शिकला नाही, तरी 'अकोल्यातून गाडी आली' असेच म्हणतो. फलक रंगविणाराने एकदा त्याला विचारून पाहावे.