तळटीप : भाडोत्री मारेकरी

१. भाडोत्री मारेकरी : फ्रेंच साहसकथेतील, द्रव्य घेऊन राज्यक्रांतीस हातभार लावणाऱ्या या पात्राचा उल्लेख मूळ ग्रंथकाराने ओझरता केला असला, तरी मराठी वाचकास त्याचे प्रत्यक्ष रूप शनिवारवाड्यातच आढळेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, थकलेल्या पगाराचा गिल्ला करीत, सुमेरसिंगादी गारदी, म्हणजे पगारी शिपाई, वाड्यात घुसले. अवघ्या अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे धावत जाऊन चुलते राघोबादादा यांना बिलगले, आणि चाफाजी टिळेकर नावाचा इमानी सेवक धन्यावर आडवा पडला असता दोघांवरही तलवारी चालल्या. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी दादांना या खुनाबद्दल निःसंकोच दोषी ठरविले, व बारभाई या कारभाऱ्यांच्या मंडळाने कारभार हाती घेऊन दादांना पेशवेपदावरून पदच्युत केले.

या उलथापालथीची झळ वऱ्हाडासही लागली. मेळघाटात धारणीच्या परिसरातून वाहणारी तापी पुढे ज्या बऱ्हाणपुरास जाते, तेथवर १७७४ साली दादा माघार घेत आले. त्याच वर्षी १८ एप्रिल रोजी पुरंदरावर नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव जन्मले. नागपूरकर भोसल्यांपैकी मुधोजी दादांच्या व साबाजी बारभाईंच्या पक्षास मिळाले, आणि २६ जानेवारी १७७५ रोजी पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले.