प्रशीतक, घरगुती (फ्रीज)

शिजविलेले व कच्चे अन्न थंड ठेवून त्याचा नाश लांबविणारे गृहयंत्र. अन्न बिघडविणारे जीवाणू ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात झपाट्याने वाढतात. मुख्य कप्पा ४ अंश वा त्याखाली आणि बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांवर राखला म्हणजे ही वाढ अनुक्रमे मंदावते व थांबते, परंतु जीवाणू मरत नाहीत, आणि म्हणून आधीच नासलेला जिन्नस आत ठेवून सुधारत नाही.

अकबराच्या दरबारात सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पाणी गार करीत असल्याची नोंद 'आईन-इ-अकबरी'त आहे. तापीकाठचे बुऱ्हाणपूर शहर १६०१ मध्ये त्याच अकबराच्या अंमलाखाली आले. तथापि जी शीतता तेव्हा बादशाही बंदोबस्ताचा विषय होती, ती आज या शहरातील सामान्य घरांतही उपलब्ध आहे. या मुलखात वैशाख-ज्येष्ठात पारा ४० अंशांच्या वर चढतो. शिजलेले अन्न एरवी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे. अशा उन्हाळ्यात ही मुदत एका तासावर येते. भाताविषयी विशेष खबरदारी जरूर आहे, कारण त्यातील काही जीवाणूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि भात उघडा पडून राहिल्यास जे विष निर्माण करतात, ते पुन्हा तापविल्यानेही नष्ट होत नाही. पातेलेभर भात पसरट भांड्यांत वाटून ठेवल्यास लवकर निवतो.

बुऱ्हाणपूर हा केळ्यांचा इलाखा, आणि नेमके केळ्यालाच हे यंत्र मानवत नाही. सुमारे १३ अंशांखाली त्याच्या सालीच्या पेशींना इजा होते, साल काळवंडते, आणि हिरवे फळ पुढे नीट पिकत नाही. पूर्ण पिकलेले केळे मात्र आत ठेवता येते, साल काळी पडली तरी गर खाण्याजोगा राहतो. पिकत्या केळ्यातून निघणारा इथिलीन वायू पालेभाज्या पिवळ्या पाडतो, याकरिता घड बाहेर, वाऱ्याच्या जागी टांगावा. कांदे-बटाटेही बाहेरच, परंतु परस्परांपासून दूर.

येथील मिठायांचा आधार असलेला मावा स्निग्ध असल्याने भोवतालचा वास चटकन ओढून घेतो. तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि आठवड्याहून अधिक काळ राखावयाचा असल्यास गोठवावा. दूध दारातील फळीवर ठेवण्याची रूढी सोडण्याजोगी आहे, कारण दार उघडताच उष्ण हवा प्रथम तेथेच पोहोचते. कच्चे मांस व मासे तळच्या फळीवर, झाकून ठेवावेत, म्हणजे त्यांचे पाणी इतर अन्नावर ठिबकत नाही. गोठविलेला जिन्नस ओट्यावर न ठेवता मुख्य कप्प्यातच वितळू द्यावा.

वीज गेल्यास दार उघडू नये. बंद फ्रीज सुमारे चार तास थंडावा राखतो, तर गच्च भरलेला बर्फाचा कप्पा ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास टिकतो.