वाढीची रेघ

फ्रान्समधल्या ग्वेनो द मोंबेयार या गृहस्थाने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजली, ती थेट मुलगा १८ वर्षांचा होईपर्यंत. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँने ते आकडे छापले. चिकाटी थोर, पण मूल एकच!

दवाखान्यात अशी वरचेवरची मोजणी खऱ्या अर्थाने कामाला आली ती बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले यांच्यामुळे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस नायजेरियातल्या इमेसी-इले गावात त्यांनी वजनाचा तक्ता तयार केला आणि तो दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हाती दिला. आया कार्ड हरवतील, ही धास्ती फोल ठरली; त्यांनी ते जिवापाड जपलं. नर्सने पाहायची ती वजनाचे ठिपके जोडून झालेल्या रेघेची दिशा. सडपातळ मुलाची रेघ चढती असेल तर काळजी नाही. गुटगुटीत मुलाची आडवी झाली, तर चौकशी हवी. एका दिवसाच्या वजनातून हे कधीच कळत नाही.

भारतात २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडीत वजनकाटा आला. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली नवे तक्ते काढले. त्यासाठी सहा देशांतली मुलं मोजली होती. त्यांत दक्षिण दिल्लीचीही होती. आज अंगणवाडीत हेच तक्ते वापरले जातात.