ग्रिमेटनचे सहा मनोरे

परवा गच्चीवर ७ मेगाहर्ट्झसाठी पाच मीटरचा उभा अँटेना लावला. तळाशी कॉइल, अर्थिंगला पाण्याचा पाइप. मीटरने जवळजवळ ५० ओहम दाखवले. आपण जाम खूश! मग गणित केलं. एवढ्या बुटक्या अँटेनाचा रेडिएशन रेझिस्टन्स साडेपाच ओहमच्या आसपास. मग बाकीचे ४४ कुठले? कॉइल आणि जमीन! म्हणजे १०० वॅट दिले की जेमतेम ११ हवेत, उरलेल्यांची नुसती ऊब.

हाच घोळ स्वीडनमध्ये ग्रिमेटनला कैक पट मोठा होता. पहिल्या महायुद्धात समुद्राखालच्या केबल्स दुसऱ्यांच्या हातात, आणि इकडे लाखो स्वीडिश लोक अमेरिकेत जाऊन राहिलेले. तेव्हा स्वतःचं रेडिओ केंद्र हवंच, असं ठरलं. १९२४ मध्ये ते सुरू झालं. फ्रीक्वेन्सी १७.२ किलोहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी जवळजवळ साडेसतरा किलोमीटर! पाव तरंगलांबीचा मनोरा सव्वाचार किलोमीटर उंच झाला असता. बांधले ते १२७ मीटरचे. सूत्रात घालून बघा, रेडिएशन रेझिस्टन्स फार तर ०.०८ ओहम येतो. जमिनीचा एकच ओहम धरला तरी २०० किलोवॅटमधले १५सुद्धा बाहेर पडत नाहीत.

अर्न्स्ट अलेक्झांडरसन हा मूळचा स्वीडिश, नोकरी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये. इथला अल्टरनेटर त्याचाच, आणि अँटेनाची युक्तीही. सहा मनोऱ्यांवरून आडव्या तारा, आणि प्रत्येक मनोऱ्यापाशी एक उभी तार, तिची वेगळी कॉइल, वेगळं अर्थिंग. तरंगलांबीच्या मानाने सगळ्या जवळजवळ, त्यामुळे लहरी सोडताना सहा मिळून एकच अँटेना. करंट जमिनीत मात्र सहा वाटांनी उतरतो. प्रत्येक वाटेवर करंट सहावा हिस्सा, म्हणून लॉस छत्तिसावा. वाटा सहा, म्हणजे एकूण लॉस एक षष्ठांश. जमीन तीच, तांबं थोडं जास्त! शिवाय अल्टरनेटर एकाच तारेला जोडलेला. तिथे सहावाच करंट वाहतो, म्हणून त्याला दिसणारा रेझिस्टन्स ३६ पट. मॅचिंगची निम्मी डोकेदुखी तिथेच संपली. (मला तर हा भाग लॉसपेक्षाही आवडतो.)

२००४ मध्ये हे केंद्र जागतिक वारसा यादीत गेलं. तो जुना अल्टरनेटर अजून फिरतो, नाताळच्या आदल्या दिवशी मोर्समध्ये संदेश पाठवतो.

मी सध्या गच्चीभर तारा अंथरतोय. मीटरवरचे ओहम उतरताहेत, मॅच बिघडतोय, आणि तेच हवंय. आई विचारते, कपडे कुठे वाळत घालू?