जू : ओझे आणि माप

सुरतेच्या पर्वत पाटिया परिसरात, कापडधंद्याच्या आश्रयाने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलांनी बैलाच्या मानेवरचे जू क्वचितच पाहिलेले असते. प्रभूने श्रमलेल्यांना आपले जू घेण्याचे आमंत्रण दिले (मत्तय ११). त्यावर अशा मंडळींपुढे बोलणाऱ्या उपदेशकास या अवजाराचा इतिहास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात जुवाचा पुरावा प्राचीन आहे. १९७४ साली अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे धातूची चार शिल्पे सापडली. त्यांपैकी एक दोन बैल जुंपलेला रथ असून त्यावर एक पुरुष उभा आहे. अनेक संशोधक ही शिल्पे इ. स. पू. २००० च्या सुमाराची मानतात. काहींना हा काळ मान्य नाही.

आपल्या बैलाला वशिंड असते. जुवाचे लाकूड वशिंडापुढे मानेवर टेकते आणि बैल त्याला रेटून ओढतो. शिवळा मान जागेवर ठेवतात. गळ्याखालच्या जुपणीने ओढ घ्यावयाची नसते. ती आवळली तर श्वास कोंडतो. जू खडबडीत असेल तर मान सोलवटते. जोडीतला एक बैल दुबळा असल्यास दांडी बलवान बैलाच्या बाजूस किंचित सरकवून बांधतात. म्हणजे अधिक भार त्याच्या वाट्याला जातो. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी हे त्या श्रमलेल्या खांद्याचे ऋण मान्य करणेच होय.

शास्त्रातही दोन्ही बाजू आहेत. रहबामाने जू जड करण्याची धमकी दिली आणि राज्य दुभंगले. यिर्मयाच्या मानेवरचे जू बाबेलच्या दास्याची खूण होती. उलट बैल व गाढव एकत्र जुंपण्यास अनुवादाच्या पुस्तकात (२२:१०) मनाई आहे. दुसऱ्या शतकातील हुतात्मा जस्टिन लिहितो की, येशू सुतारकामात नांगर व जुवे घडवीत असे. ही परंपरा कितपत ऐतिहासिक, हा प्रश्न वेगळा. पण जुवाला माप असते, हे तिच्या श्रोत्यांना ठाऊक होते. मत्तयातील ‘सोयीचे’ या शब्दामागील ग्रीक शब्दातही चांगुलपणा व ममता यांचा अर्थ आहे.

म्हणून बारा तास यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या श्रोत्याला ‘जू मुकाट्याने वाहा’ असे सांगण्यासाठी या वचनाचा उपयोग करू नये. मान सोललेली दिसली, तर दोष मानेचा नसतो. जू पुन्हा तासावे लागते.