स्नायूंतील वीज : एका जुन्या वादाचा निकाल

विद्वानांच्या वादांत ज्याची सरशी झाली त्याचेंच म्हणणें खरें, असा आपला सर्वसाधारण समज असतो. शास्त्रांच्या इतिहासाकडे पाहिलें म्हणजे हा समज फारसा टिकत नाहीं. हरलेल्या पक्षाच्या पदरींही पुष्कळदां सत्याचा मोठा वांटा असतो. मात्र तें सिद्ध करण्याचें साधन त्याच्या हातीं नसतें. प्राण्यांच्या स्नायूंत वीज आहे कीं नाहीं, हा अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलींत माजलेला वाद याचें उत्तम उदाहरण होय. आज वैद्य रोग्याच्या स्नायूंत बारीक सुई घालून तेथील विजेचा आलेख पाहतात; त्या इलेक्ट्रोमायोग्राफीचें मूळ या वादांत आहे.

बोलोन्या येथील शरीरशास्त्राचे अध्यापक लुइजी गाल्वानी यांनीं १७८० नंतरच्या दशकांत बेडकांवर प्रयोग आरंभिले. मेलेल्या बेडकाच्या उघड्या मज्जातंतूस चाकूचें टोंक लागलेलें असतां जवळच्या विद्युद्यंत्रांतून ठिणगी उडाली, कीं त्याच्या तंगड्या झटक्यानें आंखडत. पुढें असेंही दिसलें कीं, यंत्र नसलें तरी दोन भिन्न धातूंची कमान मज्जातंतूस व स्नायूस जोडली म्हणजे तोच परिणाम होतो. यावरून प्राण्याच्या देहांतच वीज सांठविलेली असते, असा सिद्धान्त त्यांनीं १७९१ सालीं प्रसिद्ध केला.

पाव्हिया येथील आलेस्सांद्रो व्होल्टा यांनीं हे प्रयोग स्वतः करून पाहिले. प्रथम ते प्रसन्न झाले. पण लौकरच त्यांस शंका आली. वीज बेडकाची नसून दोन धातूंच्या संयोगाची आहे, बेडूक हा ती दाखविणारा केवळ एक नाजूक मापक आहे, असें ते प्रतिपादूं लागले. उलट गाल्वानींच्या पक्षानें १७९४ सालीं धातूंवांचूनच, मज्जातंतूचें टोंक स्नायूस लावून, तंगडी हलवून दाखविली. पण व्होल्टांचें समाधान झालें नाहीं.

इतक्यांत राजकारण आडवें आलें. नेपोलियनच्या स्वारीनंतर उत्तर इटलींत स्थापन झालेल्या सिसाल्पाइन प्रजासत्ताकाशीं निष्ठेची शपथ घेणें गाल्वानींच्या सदसद्विवेकबुद्धीस पटेना. त्यामुळें त्यांची अध्यापकाची जागा गेली. १७९८ च्या डिसेंबरांत ते वारले. त्यानंतर दीड वर्षही लोटलें नाहीं, तोंच १८०० च्या मार्चांत व्होल्टांनीं आपल्या विद्युत्-चळतीची वार्ता लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविली. दोन धातूंच्या चकत्या आणि मधून मधून खारट पाण्यांत भिजविलेला पुठ्ठा, एवढ्यावर वीज अखंड वाहूं लागली. बेडकाची गरज उरली नाहीं. वाद संपला असें बहुतेकांनीं मानलें.

परंतु विजयी पक्षाच्या याच साधनानें पराभूत पक्षाची बाजू पुढें उजळून काढली. चळतीमुळें विजेचा अखंड प्रवाह हातीं आला. अशा प्रवाहाजवळ होकायंत्राची सुई वळते हें एर्स्टेड यांस १८२० सालीं आढळलें. आणि त्यांतून सूक्ष्म प्रवाह मोजणारें गॅल्व्हानोमीटर निर्माण झालें. कार्लो मात्तेउच्ची यांनीं त्याच्या साह्यानें, कापलेल्या स्नायूच्या पृष्ठभागापासून त्याच्या आंतल्या भागाकडे प्रवाह वाहतो, हें दाखविलें. बर्लिनचे योहानेस म्यूलर यांनीं १८४१ सालीं मात्तेउच्चींचा निबंध आपला शिष्य एमील द्यु ब्वा-रेमों याच्या हातीं दिला, आणि त्या तरुणानें या कामास आपलें आयुष्य वाहिलें.

जिवंत मनुष्याच्या स्नायूंतील वीज मोजणें हें त्याचें साहस विशेष होय. कातडीचा विरोध फार, म्हणून सुई जेमतेम हलत असे. तेव्हां त्यानें पलिस्तर लावून स्वतःच्या कातडीवर फोड आणले, वरचा पापुद्रा काढला, आणि उघड्या जखमेंतून प्रवाह घेतला. हात आवळतांच सुई स्पष्टपणें ढळली. १८४९ च्या सुमाराचा हा प्रयोग मानवी इलेक्ट्रोमायोग्राफीचा आरंभ म्हणून गणला जातो.

तरीही एक उणीव राहिली. स्नायूंतील विजेचा एकेक तरंग सेकंदाच्या कांहीं सहस्रांश भागांत येऊन जातो. जड सुईस त्याचा माग कसा लागावा? गॅसर व अर्लँगर यांनीं १९२२ सालीं ऋणकिरणांच्या नळीचा उपयोग करून ही अडचण दूर केली. १९२९ सालीं एड्रियन व ब्राँक यांनीं पोकळ सुईंत वेगळी राखलेली तार बसवून ती स्नायूंत घातली. त्यामुळें एका मज्जापेशीच्या हुकमतींतील तंतूंचा समूह कसा चेततो हें कळूं लागलें. आणि ध्वनिवर्धकास जोडल्यावर ते तरंग कानांनींही ऐकूं आले.

या श्रमांचें फळ रोग्याच्या बिछान्याशीं मिळालें. मुलाचे पाय दिवसेंदिवस लुळे पडत चालले, तर दोष स्नायूंचा कीं मज्जातंतूंचा, हें केवळ डोळ्यांनीं ठरविणें पुष्कळदां कठीण असतें. निरोगी स्नायु विश्रांतींत निःशब्द असतो. मज्जातंतु तुटल्यास, दोनतीन आठवड्यांनीं त्याचे तंतु आपोआप फडफडूं लागतात. स्नायूच रोगी असेल तर तरंग सामान्यतः लहान व आंखूड येतात. जुन्या मज्जाविकारांत ते मोठे व लांबट होतात. सुईची परीक्षा थोडी दुःखद असते, आणि रोगाचें कारण ती एकटी सांगत नाहीं. रोग्याची हकीकत व तपासणी तिच्या जोडीला लागतेच. पण शोध कोणत्या दिशेनें करावा हें तिच्यामुळें समजतें, आणि काळजींत असलेल्या आईबापांस तेवढेंही थोडें नसतें.

आतां मूळ वादाचा निकाल काय? धातूंपासून वीज होते हें व्होल्टांचें म्हणणें खरें ठरलें. देहांत स्वतःची वीज असते हें गाल्वानींचेंही खरें ठरलें. दोघांचीही चूक एकच : आपलें सत्य खरें, म्हणून दुसऱ्याचें खोटें, असें त्यांनीं धरिलें. आज गाल्वानींची ती देहांतील वीज मिलिव्होल्टांत, म्हणजे त्यांच्या प्रतिपक्ष्याच्या नांवाच्या मापानें, मोजली जाते. वाद करणाऱ्यांना जो समेट साधला नाहीं, तो पुढच्या पिढ्यांच्या धीम्या कष्टांनीं असा घडवून आणला.